मदत हवी: प्लॅस्टिकवरच्या क्लॉकविना प्रोसेसरमध्ये सी-एलिमेंट दगा देतोय

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात एम.टेक. करतोय, शेवटचं वर्ष. विषय आहे दुधाच्या कॅनच्या गोलाईवर चिकटेल अशा तापमान-लेबलसाठी ४-बिटचा छोटा प्रोसेसर, तोही क्लॉकशिवाय, म्हणजे सगळ्या गेटना एका तालावर चालवणारा ठोका नसलेला. आमच्या करवीर तालुक्यातल्या गावात कॅन भरले की टेम्पो येईपर्यंत तसेच थांबतात. तेवढ्यात दूध किती तापलं हे कळलं तर नासायचं वाचेल, म्हणून हा विषय धरलाय.

ट्रान्झिस्टर आयजीझेडओचे (इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइड, प्लॅस्टिकवर बसवता येणारा अर्धवाहक). वाकवले किंवा बराच वेळ व्होल्टेजखाली ठेवले की थ्रेशोल्ड (ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारं व्होल्टेज) सरकतो, मग प्रत्येक गेटची चाल वेगळी. क्लॉक लावला तर सगळ्यात मंद वाटेसाठी सगळ्यांना थांबवावं लागतं. म्हणून ड्युअल-रेल (प्रत्येक बिटला दोन तारा, डेटा आला की नाही ते त्यातूनच कळतं) आणि चार टप्प्यांचा हँडशेक (मागणी आणि पोच दोन्ही वर जाऊन परत खाली आल्या की मगच पुढचा डेटा) घेतला. सेको एप्सननं २००५ मध्ये ८-बिटचा असा प्रोसेसर प्लॅस्टिकवर केलाय, पण त्यांचं पॉलिसिलिकॉन, एन आणि पी दोन्ही प्रकारचे ट्रान्झिस्टर हाताशी. माझ्याकडे फक्त एन.

घोडं अडलंय ते इथं. सी-एलिमेंट (दोन्ही इनपुट १ झाली की १, दोन्ही ० झाली की ०, एरवी आधीचंच आउटपुट धरून ठेवणारा गेट) नँड गेटचा केलाय: दोन इनपुटचे तीन, तीन इनपुटचा एक, आउटपुट परत आत. वर खेचायला पी नाही म्हणून लोड रेझिस्टरचा, त्यामुळं आउटपुट खाली झटकन येतं, वर मात्र रांगत चढतं. एनजीस्पाइस या सर्किट-सिम्युलेटरमध्ये थ्रेशोल्ड विखरून बघितला, तर काही रनमध्ये चढत्या आउटपुटला पुढचा गेट १ समजतो, पण फीडबॅकच्या नँडला ते अजून ०च वाटतं. तेवढ्यात एक इनपुट मागे घेतलं गेलं की आउटपुट मधूनच खाली बसतं आणि हँडशेक जागीच अडकतो. रेझिस्टर कमी केला तर चढण सुधारते, पण लो पातळी वर सरकते आणि करंटही वाढतो.

करंटची तर खरी धास्ती आहे. २०२१ च्या प्लॅस्टिकआर्म या प्लॅस्टिकवरच्या प्रोसेसरचं बघा: १८,३३४ गेट, जास्तीत जास्त २९ किलोहर्ट्झ, २१ मिलिवॅट, आणि त्यातले ९९ टक्के नुसते स्थिर. गेट गप्प असला तरी वीज खातोच. मग ड्युअल-रेलनं गेट जवळपास दुप्पट करून मी काय मिळवतोय?

बंडल्ड-डेटावर (बिटला एकच तार, आणि डेटा तयार झाल्याची खूण वेगळ्या डिले-लाइनमधून उशिरानं पाठवायची) जाऊ का? त्यात गेट वाचतात, पण जुळवलेली डिले-लाइन लेबल वाकल्यावर डेटाच्या वाटेइतकीच सरकेल याचा भरवसा कसा धरायचा? शेजारी-शेजारी लेआउट करून भागतं का? आणि नुसत्या एन-टाइपमध्ये या फीडबॅकवर कुणी इलाज केलाय का? नेटलिस्ट आणि वेव्हफॉर्म आज रात्री प्रतिसादात टाकतो.