शाळेच्या भिंतीवर सारस काढायचा, तर कोणता?

बोडीकाठ, गोंदिया:
शाळेची भिंत रंगवायची आहे. पेंटरनं मोबाइलवरचा सारसाचा फोटो आणला. माझं म्हणणं, जुन्या चित्रकारांच्या पद्धतीनं काढा. 1777 पासून कलकत्त्यात मेरी इम्पे या इंग्रज बाईंनी पाळलेले पक्षी पाटण्याच्या शेख झैनुद्दीननं रंगवले. भवानी दास, राम दास नंतर आले. कागद विलायती, हात मुघल कलमेचा. हिमालयातल्या मोनाल पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आज इम्पेबाई आहेत, चित्रकार कुठंच नाहीत. निदान आपल्या भिंतीवर झैनुद्दीनचं नाव लिहू.

मास्तर:
मला पटत नाही. पिंजऱ्यातला पक्षी, मागं कोरा कागद; ना पाणी, ना धान. तिकडे अमेरिकेत ऑडुबॉन तर पक्षी मारून, तारेनं हव्या त्या पवित्र्यात बांधून चित्र काढायचा. पोरांना जिवंत सारस दाखवा. फोटोच बरा.

बोडीकाठ, गोंदिया:
मास्तर, कोऱ्या कागदामुळंच पीस न् पीस दिसतं. सारसाची लाल कातडी मानेच्या वरच्या भागापर्यंत उतरते, पण टाळू राखाडी असते. लांबून काढलेल्या फोटोत ती दिसत नाही, मग पेंटर अख्खं डोकं लाल करतो. झैनुद्दीनसारखा माणूस पक्षी समोर ठेवून बघायचा. ही नजर पोरांना मिळाली पाहिजे.

मेळघाटातून:
चित्रांना फार मोठं करू नका. रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, 1884 नंतर शंभरावर वर्षं कुणाला खात्रीनं दिसला नव्हता. 1997 मध्ये शहाद्याजवळ सापडला, पुढं आमच्या मेळघाटातही. शोधणाऱ्यांच्या कामी आली ती संग्रहालयांत जपलेली पक्ष्यांची जुनी कातडी. त्यांतल्या एका नमुन्यावरची 1914 ची नोंद बनावट निघाली, तेव्हा कुठं शोधाची दिशा बदलली. चित्रं देखणी आहेत, पण पुरावा वेगळा.

धानवाली:
तुमचं फोटो की चित्र चाललंय, अन् घरट्याचं कोणी बोलत नाही जी. रोवणी झाली की सारसाची जोडी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, गवताचा ढीग रचते, बहुतेक दोन अंडी. त्याच दिवसांत फवारणी. जहांगीर बादशहानं सारसाची जोडी पाळली होती, लैला-मजनू नावाची. अंडी कोण कधी उबवतं हे त्यानं बसून पाहिलं न् लिहून ठेवलं. भिंतीवर घरटं काढा, बांधीसकट.

मास्तर:
ताईंचं घरटं मान्य. पण खाली झैनुद्दीनचं नाव काहून? त्यानं आपली बांधी पाहिली नव्हती. चित्रकाराचं नाव राहावं असं वाटतं ना, तर आपल्या पेंटरचं घाला.