आईच्या कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर करून बघावं का?

धनकवडीकर: आईची कंबर दोन वर्षं धरते आहे. एमआरआय पाहून डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, फिजिओथेरपी करा. तरी रोज रात्री दुखण्याची गोळी लागतेच, तिने ॲसिडिटी वाढली. कर्वे रस्त्यावर एक ॲक्युपंक्चरवाले (अंगाला बारीक सुया टोचून उपचार करणारे) आहेत, दहा सिटिंगचे पैसे आधीच मागतात. बाबांचा साफ विरोध आहे. काय करावं?

मेघना: जरूर करा. ही काही चोरून चालणारी गोष्ट नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे, केंद्रानेही २०१९ मध्ये मान्यता दिली. नोंदणी आहे का, तेवढं विचारा.

अनिरुद्ध (औंध): कायदा झाला म्हणून गुण येतो का? जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. नेमक्या बिंदूंवर सुया टोचल्या त्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना सहा महिन्यांनी आराम होता. भलत्याच जागी, वरवर टोचल्या त्यांपैकी ४४.२ टक्के. मग ठरावीक बिंदूंवर टोचलं की शरीरातली ऊर्जा नीट वाहते, हा ॲक्युपंक्चरवाल्यांचा दावा कुठे गेला?

मेघना: तिसरा गट का गाळलात? औषधं-व्यायाम या नेहमीच्या उपचारांवर फक्त २७.४ टक्के लोकांना आराम पडला. ज्याची कंबर दुखते त्याने हा आकडा बघायचा, बिंदूंचा वाद नंतर.

अनिरुद्ध (औंध): आपल्याला सुया मिळत नाहीत हे त्या गटाला ठाऊक होतं. अपेक्षेचा परिणाम दुखण्यावर फार होतो. कोणते उपचार द्यावेत हे डॉक्टरांना सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका असंच सांगितलं. एवढ्या पैशांत चांगला फिजिओ घरी येईल.

मेघना: त्याच 'नाइस'ने २०२१ मध्ये, ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी ॲक्युपंक्चरचा विचार करायला हरकत नाही म्हटलंय. गोळी कमी झाली तरी आईंच्या पोटाला केवढा दिलासा!

फिजिओ, सिंहगड रोड: वादापेक्षा आईंकडे बघू. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पेसमेकर असेल तर सुयांना करंट लावू देऊ नका. सुई तुमच्यासमोर फोडलेल्या पाकिटातलीच हवी. पाय बधिर होत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर सुया नकोत, थेट हॉस्पिटल. आणि व्यायाम कुठल्याही परिस्थितीत बंद करायचा नाही. माझे कितीतरी पेशंट इथेच घसरतात.

धनकवडीकर: रक्त पातळ करणारी गोळी नाही, पेसमेकरही नाही. आईची इच्छा आहे, म्हणून चार सिटिंग करू, दर वेळी पैसे देऊन. गोळी कमी झाली नाही तर थांबू.

अनिरुद्ध (औंध): व्यायाम चालू राहणार असेल तर माझी हरकत नाही. पण दहाचे पैसे एकदम मागितले तर तिथून उठा.