सातारा–कास–बामणोली–तापोळा–महाबळेश्वर: तीन दिवसांची एमटीबी (माउंटन बाइक) फेरी, सल्ला हवा

दोन_पेडल
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौघे जण पुण्याहून निघतोय. तीन हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या (२९ इंची, १०० मिमी) आणि एक जुनी २६ इंची, रिम ब्रेकची. बेत असा: पहिल्या दिवशी साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कास आणि खाली बामणोली. दुसऱ्या दिवशी सायकली लाँचमध्ये घालून तापोळा, तिथून महाबळेश्वर. तिसऱ्या दिवशी केळघर घाटाने मेढा आणि परत सातारा.

विचारायचंय ते हे. डांबर सोडून कुठे शिरता येईल? कासहून डोंगरधारेवरून महाबळेश्वरकडे जाणारी जुनी वाट नकाशावर दिसते, ती घ्यावी का? दिशा हीच ठेवावी की उलटी? टायरमध्ये हवा किती आणि सुटे भाग कोणते? बामणोलीत एक दिवस वाढवून वासोटा किल्लाही करायचा विचार आहे.

जावळीकर
आधी वासोट्याचं. तो कोयना अभयारण्यात येतो आणि हे अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. बामणोलीत वनखात्याची परवानगी काढून लाँचने पलीकडे जायचं, चालत वर चढायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. मुक्काम नाही, सायकल तर नाहीच. सायकली मुक्कामाच्या घरी कुलूप लावून ठेवा.

नकाशावर वाट दिसते म्हणून ती खुली आहे असं समजू नका. ॲपमधल्या रेघा कुणीतरी कधीतरी तिथून गेल्याची खूण असते, परवानगीची नाही. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पश्चिम काठाकडे जाणारी कुठलीही वाट बेतातून काढूनच टाका. धारेवरच्या वाटेबद्दल निघण्याआधी साताऱ्याच्या वनखात्याच्या कार्यालयात विचारा. ते नाही म्हणाले तर डांबरानेच जा.

कासचा सडा (पठार) हा सायकलीसाठी नाहीच. जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम काही इंच असतो आणि पुढच्या पावसाळ्याची फुलं त्यातल्याच बियांतून, कंदांतून उगवतात. डिसेंबरात सगळं वाळून मैदानासारखं दिसतं म्हणून मोह होतो. पण ओल्या-सुक्या मातीत एकदा चाकोरी पडली की पुढच्या पावसात तिथूनच पाणी धावतं आणि उरलेली मातीही घेऊन जातं.

मग मातीवर कुठे चालवायचं? बामणोलीच्या अलीकडे आणि तापोळ्याच्या वर मुख्य रस्त्यावरून वाड्यांकडे फुटणारे कच्चे रस्ते आहेत. गावकरी जीप, बैलगाडी नेतात ते. गावात विचारून शिरायचं, खळ्यातून-बांधावरून जायचं नाही. खरं सांगायचं तर या फेरीत पाऊण भाग डांबरच आहे. 'सिंगल ट्रॅक'च्या (एका सायकलीपुरत्या अरुंद पायवाटेच्या) आशेने येणार असाल तर निराश व्हाल.

घाटउतार
दिशा बरोबर आहे, उलटी करू नका. सातारा साधारण ७०० मीटरवर, कास १२०० च्या आसपास, म्हणजे पंचवीसेक किलोमीटरमध्ये पाचशे मीटर चढ. यवतेश्वर घाट सुरुवातीलाच येतो, पाय ताजे असतात. सहा-साडेसहाला निघालात तर उन्हाच्या आधी वर पोहोचाल. कासहून बामणोली मग उतारच.

दुसरा दिवस खरा. कोयना धरण भरलेलं असताना पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६५९ मीटर, महाबळेश्वर १३५० च्या वर. सातशे मीटर चढ तीस किलोमीटरच्या आत, मध्ये छोटे उतार येतात आणि मिळवलेली उंची परत घालवतात. पुढे ३२ दातांची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे सर्वात मोठी चकती ५१ दातांची असेल तर बसून चढाल. मागे सर्वात मोठी चकती ३६ दातांचीच असेल तर पुढे २२ किंवा २४ दातांची लहान चेनरिंग हवीच, नाहीतर गुडघे बोलतील.

लाँच सकाळची पकडा. संध्याकाळी सहाला सूर्य बुडतो आणि तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला तर थांबा, अंतर ठेवा, तो बाजूला होईपर्यंत वाट पाहा. घंटी वाजवून किंवा त्याच्या डोळ्यांवर हेडलाइट मारून पुढे काढायचा प्रयत्न करू नका. कड्यांखाली आग्या मोहोळं असतात, तिथे थांबून सिगारेट-बिगारेट नको आणि अंगाला अत्तरही नको.

केळघर घाटात ब्रेक सतत दाबून ठेवले की पॅड तापून चकचकीत होतात आणि मग दाबूनही धरत नाहीत. वळणाच्या आधी जोरात दाबायचं, वळणात सोडायचं. नवे पॅड असतील तर घरीच रुळवून घ्या: २० किमी वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा, पूर्ण न थांबता. उतरल्यावर डिस्कला हात लावू नका, कातडी सोलून निघते.

चेनलूब
ट्यूबलेस असेल तर ७५ किलोच्या माणसाला २.२५ इंच रुंद टायरमध्ये हवेचा दाब पुढे २२, मागे २५ पीएसआय. ट्यूब असेल तर २८–३२. याच्या खाली गेलात तर जांभ्याची धार रिमवर ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसमध्ये भोक बुजवणारं द्रव, म्हणजे सीलंट, प्रत्येक चाकात १००–१२० मिली, निघण्याआधी काठी घालून पातळी बघा. दोन-तीन महिन्यांत ते सुकून गोळा होतं आणि मग करवंदीच्या काट्याचं भोकही बुजत नाही. कार्बन डायऑक्साइडचं काडतूस सोबत असेल तर ते शेवटचा उपाय समजा. लेटेक्सचं सीलंट त्याने गोठतं. साधा पंप बरा.

सगळ्यात महत्त्वाचा सुटा भाग म्हणजे डिरेलर हँगर, मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर टांगतात तो फ्रेमचा तुकडा. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि साताऱ्यात तुमचा मिळेल ही आशा सोडा. सायकल उजव्या बाजूला पडली की तो वाकतो, मागचा डिरेलर आत झुकतो आणि सर्वात मोठ्या गिअरवर चढवताच स्पोकमध्ये जातो. पडल्यावर मागून बघा: डिरेलरच्या दोन छोट्या चाकांची रेघ कॅसेटला (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाला) समांतर आहे का? नसेल तर मोठे दोन गिअर वापरू नका.

बाकी: प्रत्येक साखळीच्या स्पीडप्रमाणे दोन क्विक लिंक (साखळी जोडायची कडी), चेन ब्रेकर (साखळी तोडायचं हत्यार), भोक बुजवायचे ट्यूबलेस प्लग, दर सायकलमागे दोन ट्यूब, ४-५-६ मिमी ॲलन की आणि टी२५ टॉर्क्स. टायरची बाजू फाटली तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा ठेवा. नसेल तर चार घड्या घातलेली दुधाची पिशवी. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, कुसळं मोज्यांत घुसतात, उंच मोजे नकोत.

दोन_पेडल
धारेची वाट बेतातून काढली. दोन शंका राहिल्या. २६ इंचीवर रिम ब्रेक आहेत, केळघरला चालतील का? आणि लाँचमध्ये सायकली कशा ठेवायच्या?

घाटउतार
कोरड्या दिवसात चालतील, पण पॅडमध्ये रुतलेले ॲल्युमिनियमचे कण सुईने काढा आणि रिमवरची झीज दाखवणारी खाच झिजून गेली नसल्याची खात्री करा. दर दोन-तीन किलोमीटरला थांबून रिम हाताने बघा. फार तापली तर ट्यूब फुटू शकते.

जावळीकर
आदल्या संध्याकाळीच बामणोलीच्या बोटवाल्यांशी बोलून ठेवा: चार सायकली, चार माणसं, पूर्ण लाँच की वाटून. पेडल काढून ठेवा, डावं उलट्या आट्यांचं असतं. साखळीची बाजू वर करून सायकली एकमेकांवर आडव्या टाका, मध्ये गोणपाट. चाकं काढलीत तर ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला, कारण चढवताना कुणी लिव्हर दाबला की पिस्टन मिटतात आणि मग तापोळ्याच्या धक्क्यावर ते उघडत बसावं लागतं.