धागा: चर्चमधला तुमचा ग्रुप कोणता होता? ठाणे-नवी मुंबईकरांनो, लिहा

तलावपाळीची लेक
परवा रविवारी साडेआठची मिस्सा (चर्चमधली उपासना) संपली आणि बाहेर मांडवात टेबलं मांडलेली. प्रत्येक टेबलावर एक वही, एक पेन आणि मागे ओळखीचा चेहरा. वेदीसेवक, गायनमंडळ, युवा, लीजन ऑफ मेरी (मरियामातेच्या भक्तांचा गट), विन्सेंट दी पॉल, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक. ज्याला ज्यात यायचंय त्याने नाव लिहायचं. माझा सात वर्षांचा मुलगा सगळ्या टेबलांवरून फिरून आला आणि म्हणाला, "आई, मी कुठल्यात?"

मला एकदम 1988 आठवलं. आम्ही नुकतेच ठाण्यात राहायला आलो होतो. मी नऊ वर्षांची, बोलताना खूप अडखळायचे. धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रार्थना म्हणायची पाळी आली की पोटात गोळा यायचा. गायनमंडळाच्या बाईंनी ते बघितलं असणार. एका रविवारी मला वर ऑर्गनजवळ नेलं आणि म्हणाल्या, "तू फक्त पानं उलटायची. मी मान हलवली की उलटायचं." त्यांच्या वहीच्या प्रत्येक पानाचा खालचा कोपरा जरासा दुमडलेला असायचा, बोटात पटकन यावा म्हणून. महिनाभर मी फक्त कोपरे धरले. मग एक दिवस लक्षात आलं की मी गातेय आणि कुठेच अडखळत नाहीये. गाताना अडखळत नाही हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

बाई आता नाहीत. पानं उलटताना मला अजून कोपरा दुमडायची सवय आहे. तुमचं सांगा ना. कोणत्या वयात, कोणत्या ग्रुपमध्ये, कोणी ओढून नेलं?

धूपवाला
वेदीसेवक! दुसरं काही नाहीच. आमच्या वेळी धूपदाणीचे कोळसे सॅक्रिस्टीच्या (वेदीजवळच्या तयारीच्या खोलीच्या) मागे छोट्या सिगडीवर पेटवायचे. मिस्साच्या अर्धा तास आधी बसून फुंकायचं, पांढरी राख धरली की चिमट्याने उचलून धूपदाणीत. ओला कोळसा असला की संपला खेळ, फादर वेदीवर उभे आणि धूर काही निघत नाही. आता तयार गोल वड्या मिळतात, काडी लावली की झालं. 24 जूनच्या, संत जॉन द बॅप्टिस्टच्या सणाला तर पाऊस ठरलेलाच, कोळसा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून न्यायचो.

आमच्यातले दोघं पुढे धर्मगुरू झाले. मी झालो इलेक्ट्रिशियन. चर्चचं वायरिंग मात्र आजही मीच बघतो.

वाशीची आजी
मुली, तुझं वाचून डोळे भरले.
आमच्याकडे चर्चच नव्हतं, ग्रुप कुठले. सिडकोच्या घरात आलो तेव्हा रेल्वेसुद्धा नव्हती, गाडी वाशीला आली 1992 ला. तोवर पूल ओलांडायचा तर बस. मिस्सा एका शाळेच्या हॉलमध्ये. शनिवारी संध्याकाळी माझे मिस्टर आणि अजून तिघं जाऊन बाकं भिंतीला लावायचे, सतरंज्या घालायचे. वेदीचं कापड, मेणबत्त्या, क्रूस सगळं एका पत्र्याच्या पेटीत. ती पेटी आमच्या पलंगाखाली असायची. कोणाला कोणी नातेवाईक नाही, सगळे नवीन, त्यामुळे एकमेकांना धरून राहिलो. कोणाची डिलिव्हरी असली की डबा कोणी न्यायचा ते मिस्सा संपल्यावर तिथेच ठरायचं. त्याला काही ग्रुपचं नाव नव्हतं.

कुकरवाली
वाचतेय सगळं. तीन शिट्ट्या झाल्या की लिहिते.

नगरकरीण, सध्या नेरूळ
मी लिहू का? माझा अनुभव थोडा वेगळा आहे.
मी नर्स. आमचं गाव नगर जिल्ह्यात, तिथे चर्च म्हणजे मराठी. गाणी मराठी, प्रवचन मराठी, पेटी, ढोलकी, टाळ. 2006 ला नवी मुंबईत नोकरीला आले. हॉस्टेलपासून जवळच्या चर्चला गेले तर सगळं इंग्रजीत. मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण प्रार्थना इंग्रजीत होत नाही हो माझ्याच्याने. चार-पाच महिने मी शेवटच्या बाकावर बसून परत येत होते. युवा ग्रुपच्या मीटिंगला एकदा गेले, सगळे आपापल्यात बोलत होते, मी चहा पिऊन आले. कोणी वाईट वागलं नाही, पण कोणी विचारलंही नाही.

मग कळलं की महिन्यातून एकदा संध्याकाळी मराठी मिस्सा असते. गेले. तीस-पस्तीस माणसं होती. कोणी जालन्याचं, कोणी नगरचं, काही वसईचे, एक काका उत्तनचे. गायनमंडळ म्हणजे एक पेटीवाले काका आणि दोन बायका. मी सवयीने खालचा सूर धरला. काकांनी वाजवणं थांबवलं नाही, फक्त चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मिस्सा संपल्यावर म्हणाले, "बाय, पुढल्या वेळेस पुढे बस." सतरा वर्षं पुढेच बसले. काका मागच्या वर्षी गेले. पेटी आता माझ्या घरी आहे, एक काळी पट्टी अडकते पावसाळ्यात.

तलावपाळीची लेक
नगरकर ताई, "बाय, पुढे बस". हे चार-पाच वेळा वाचलं.
तुमची मराठी मिस्सा अजून चालू आहे ना?

नगरकरीण, सध्या नेरूळ
चालू आहे. मुलं येत नाहीत फारशी, त्यांना मराठी वाचायचा कंटाळा. मी गाणी मोठ्या अक्षरांत लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. कोणी आलं तर खरंच आनंद होईल.

माजिवड्याचा
आमचा ग्रुप म्हणजे गव्हाण, येशूजन्माचा देखावा! डिसेंबरची पहिली तारीख उजाडली की युवावाले रात्री अकरा-अकरापर्यंत चर्चच्या आवारात. थर्माकोलवर 2018 ला बंदी आली तेव्हा आम्ही रडलो होतो, डोंगर कशाचे करणार म्हणून. मग एका मावशींनी सांगितलं, गोणपाट पातळ सिमेंटच्या पाण्यात बुडवा आणि खोक्यांवर टाका. वाळलं की असा डोंगर होतो की हात लावून बघावं. आणि गवतासाठी नाचणी. करवंटीत माती घालून नाचणी पेरायची, वर ओला कपडा, दहा-बारा दिवसांत हिरवंगार. ही तर आमच्या आज्यांची पद्धत. थर्माकोलच्या नादात आम्हीच विसरलो होतो.

कुकरवाली
आले. आमच्याकडे महिला मंडळ म्हणजे कुलकुल, नाताळचा तळलेला गोड खाऊ. नाताळच्या आधी एका शनिवारी पंचवीस बायका हॉलमध्ये, जमिनीवर वर्तमानपत्रं, प्रत्येकीच्या हातात कोरा कंगवा. पिठाची गोळी कंगव्यावर दाबायची आणि गुंडाळत आणायची, शिंपल्यासारखी नक्षी उठते. काही जणी काट्याने करतात, पण कंगव्याची नक्षी जास्त बारीक येते. तळून झाले की पाकिटं भरायची, अर्धी वृद्धाश्रमात, अर्धी आजारी लोकांच्या घरी.
मी लग्न होऊन आले तेव्हा तेविशीतली. सासूबाईंसमोर तोंड उघडत नव्हते. त्या पंचवीस जणींत बसून पहिल्यांदा मोठ्याने हसले. हे खरं आहे.

फुगेप्रेमी
कुकरवाली ताई, कुलकुल झाले, फुग्यांचं (आंबवलेल्या पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचं) काय? आईच्या हाताचे फुगे मला जमत नाहीत, आतून कच्चे राहतात. कोणी सांगा.

कुकरवाली
तेल जास्त तापवतेस बहुतेक. मध्यम आच. आणि पीठ फुगू दे नीट, हाताने उचललं की तार सुटली पाहिजे. यीस्ट की ताडी?

फुगेप्रेमी
यीस्ट. ताडी आता कुठे मिळणार कोपरखैरण्यात.

उत्तनकर
उत्तनला या, बघू.

दोघंदोघं
मला विन्सेंट दी पॉलबद्दल लिहायचंय, कारण त्याबद्दल कोणी लिहीत नाही. आमचे वडील त्यात 31 वर्षं होते. 1833 साली पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ही सभा, आणि नियम अजून तेच. गरजूंच्या घरी भेटायला जायचं ते दोघांनी. एकट्याने नाही. आणि कोणाकडे गेलो ते बाहेर बोलायचं नाही.

लहानपणी मला राग यायचा. दर मंगळवारी मीटिंग, आणि नंतर दोन-तीन दिवस संध्याकाळी वडील गायब. आईलाही नाव सांगायचे नाहीत. ते गेल्यावर अंत्यविधीला वागळे इस्टेटकडची एक बाई आली, सोबत कॉलेजमधली मुलगी. बाई म्हणाली, "हिच्या फीचे पैसे तुमच्या पप्पांनी आणून दिले होते, आठवी ते बारावी." बाई आमच्या चर्चची नव्हती, ख्रिस्तीही नव्हती. आम्हाला पाच वर्षांत काही कळलं नव्हतं.
मी आता त्याच मीटिंगला जातो. माझ्या जोडीला एक रिटायर्ड बँकवाले काका आहेत. कुठे जातो ते नाही सांगत.

वाशीची आजी
देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो बाळा.

धूपवाला
सलाम तुमच्या वडिलांना.

जुन्या ठाण्याचा
जरा इतिहासात शिरतो, माफ करा. आपण आपापल्या ग्रुपबद्दल बोलतोय, पण ठाण्यातली ख्रिस्ती माणसं किती जुनी! 1321 साली फ्रान्सिस्कन संघाचे चार संन्यासी ठाण्यात मारले गेले, टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती. त्यांच्याबरोबर आलेले डॉमिनिकन संघाचे जॉर्डानस तेव्हा बाहेरगावी होते म्हणून वाचले. परत येऊन त्यांनी देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. म्हणजे पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी. इथे ते उतरले होते तेही एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी. मला नेहमी त्या घराचं वाटतं. अनोळखी चौघांना त्यांनी जेवायला वाढलं असेल. माझ्या मुलांच्या धर्मशिक्षण वर्गात मी हे सांगतो तेव्हा पोरं एकदम गप्प बसतात.

शेजारी (दत्तमंदिराजवळचा)
मी ख्रिस्ती नाही, तरी लिहितो. आमच्या बिल्डिंगमध्ये दर डिसेंबरला कॅरल म्हणायला मुलं यायची. गिटार, एक ढोल, सांताक्लॉजचा मुखवटा घातलेला एक जण. आई त्यांच्यासाठी चकल्या करून ठेवायची, दिवाळीतल्या बाजूला काढून. 2020 ला कोणी आलं नाही तर आई गॅलरीत उभी होती. मग रात्री खालून आवाज आला. दोनच मुलं, मास्क लावून, गेटच्या बाहेर उभी राहून गात होती. आईने पिशवी दोरीने खाली सोडली.

माजिवड्याचा
शेजारी दादा, त्या वर्षी आम्ही फोनची यादी केली होती. एकटे राहणारे ज्येष्ठ 64. प्रत्येक मुलाकडे चार नावं, रोज एक फोन. औषधं आणून द्यायची, मोबाइलवर मिस्सा कशी लावायची ते शिकवायचं. एक आजी रोज मिस्सा संपली की मलाच फोन करायच्या, "आता बंद कसं करू?" त्या अजूनही फोन करतात, आता काहीही कारण नसतं.

एकटी पण नाही
मिस्टर गेले त्याला सहा वर्षं झाली. सातही दिवस लीजनच्या बायका जपमाळेला आल्या. आठव्या दिवसापासून घर एकदम शांत. पंधरा दिवसांनी त्यातल्याच दोघी परत आल्या, "चल, बुधवारी ज्येष्ठांचा ग्रुप आहे, साडी नेस." मी म्हटलं, मी अजून साठचीही नाही. त्या म्हणाल्या, वय कोण विचारतंय, खुर्च्या लावायला माणूस पाहिजे. गेले. अजून खुर्च्याच लावते. आता साठीही झाली.

फुगेप्रेमी
मध्यम आचेवर केले आत्ता. आतून शिजले!! ताई, हात जोडले.

कुकरवाली
शाब्बास. गरम गरम पोर्क बरोबर खा. आणि दोन माझ्या नावाने.

धूपवाला
लेकी, तुझ्या मुलाचं काय झालं शेवटी? नाव लिहिलं का?

तलावपाळीची लेक
वेदीसेवकांच्या टेबलावर गेला होता, पण त्याचं पहिलं कम्युनियन (प्रसाद घेण्याचा विधी) व्हायचंय अजून. तिथल्या दादाने वहीच्या शेवटच्या पानावर त्याचं नाव लिहून ठेवलं, "दोन वर्षांनी" असं कंसात. तोवर मी त्याला वर ऑर्गनजवळ घेऊन जाते. या रविवारी मी मान हलवली आणि त्याने दोन पानं एकदम उलटली.

नगरकर ताई, मराठी मिस्सा महिन्याच्या कितव्या रविवारी? आम्ही दोघं येतो.

नगरकरीण, सध्या नेरूळ
तिसऱ्या. संध्याकाळी सहा. थोडं आधी या, पेटीची पट्टी सोडवायला लागते.