ऑनलाइन डॉक्टरेट : आत्ता की थोडं थांबून? अनुभव सांगा

नमस्कार नाशिककर. मी इंदिरानगरला राहते, एका कंपनीचं ट्रेनिंगचं काम घरूनच बघते. एम.ए. शिक्षणशास्त्र होऊन बरीच वर्षं झाली. डॉक्टरेट करायची हे ठरलंय, कधी ते ठरत नाही. नवऱ्याची बदली पुण्याला की जर्मनीला हे त्याच्या कंपनीलाच अजून ठाऊक नाही, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे आणि मुलगी आठवीत, म्हणजे दहावी डोक्यावर. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाची अर्धवेळ ऑनलाइन ईडी.डी. (शिक्षणातली व्यावसायिक डॉक्टरेट) मनात आहे. इकडच्या पीएच.डी.वरही अजून फुली मारलेली नाही. जानेवारीत प्रवेश घ्यावा की सगळं मार्गी लागेपर्यंत थांबावं?

सल्ले द्याच, पण आधी अनुभव लिहा. तुम्ही सुरुवात केलीत तेव्हा घरात काय चाललं होतं? ती वेळ पुढे पथ्यावर पडली की फटका बसला? ज्यांनी विचार करून सोडून दिलं त्यांनीही लिहा. कॉलेजांची आणि माणसांची नावं कृपया नकोत, नाहीतर धागा भलतीकडे जातो.

नाशिकरोड, कॉमर्स, तासिका तत्त्वावर

ताई, 'कधी'च्या आधी 'ऑनलाइन'चा निकाल लावा. गेल्या उन्हाळ्यात मला एका ॲपवाल्यांचे फोन सुरू झाले. परदेशी विद्यापीठाची पीएच.डी., घरबसल्या, हप्त्यावर. "यूजीसी अप्रूव्हड आहे मॅडम." म्हटलं, पत्र पाठवा. आलेली पीडीएफ उघडली तर ती एका विद्यापीठाच्या दूरस्थ एम.बी.ए.च्या मान्यतेची! तसं कळवल्यावर पुन्हा फोन नाही.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. बसतच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची परिषद) मिळून सूचना काढली होती की एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्या परदेशी विद्यापीठांशी करार करून विकतात त्या ऑनलाइन पीएच.डी.ला इथे मान्यता नाही. आपल्या गावात 1989 पासून मुक्त विद्यापीठ आहे, त्यामुळे पीएच.डी.सुद्धा घरी बसून होईल असं नाशिकमध्ये बऱ्याच जणांना वाटतं. बी.ए., एम.ए. होतं. पीएच.डी.चं तसं नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी थांबले, आणि बरं झालं. विद्यापीठांतल्या सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची होणार म्हणून 2021 ची मुदत होती, ती 2023 वर गेली, आणि जुलै 2023 मध्ये यूजीसीने नेट/सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) पुरे, पीएच.डी. ऐच्छिक असं करून टाकलं. ती बातमी आली तेव्हा स्टाफरूममध्ये निम्मे खूश होते. उरलेले मुदतीच्या धाकाने मिळेल त्या विषयात नोंदणी करून बसलेले. त्यांचे चेहरे बघवत नव्हते. मी आधी सेट काढली. आता विषय सुचेल तेव्हा करेन, तारखेसाठी नाही.

सिडको, अंबडला नोकरी, मेकॅनिकल

इकडची अर्धवेळ पीएच.डी. चालू आहे. ती कायदेशीर आहे आणि नोकरी सांभाळून होते, फक्त कंपनीचं ना हरकत पत्र लागतं. यात माझे किती महिने गेले विचारू नका. एचआरला वाटलं मी नोकरी सोडतोय. त्यांनी "आमची हरकत नाही" एवढी एक ओळ लिहून दिली आणि विद्यापीठाने ती परत पाठवली. पत्रात तीन गोष्टी याव्या लागतात : अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे अभ्यासाला वेळ मिळू शकतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी (सुरुवातीच्या सक्तीच्या वर्गांसाठी) मोकळं करू. या तिसऱ्या वाक्यावर प्लांट हेड अडले. "मोकळं म्हणजे किती दिवस?"

शेवटी कोर्सवर्कचं वेळापत्रकच त्यांच्या टेबलावर ठेवलं. शनिवारचे वर्ग होते, शिफ्ट बदलून जमलं, सही झाली.

वेळेबद्दल एकच सांगतो. नोंदणीच्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. किमान तीन वर्षं, कमाल सहा, त्यापुढे पुनर्नोंदणी करून जास्तीत जास्त दोन. नोंदणीच्या आधी तुम्ही कितीही वाचा, ते कुणी मोजत नाही. माझं सगळं वाचन नोंदणीनंतरचं, म्हणून आता पळापळ. आमच्याच गटातल्या एकीने आधी वर्षभर वाचून विषय पक्का केला आणि मग अर्ज भरला. ती माझ्या मागून येऊन पुढे गेली.

पंचवटी, दोन मुलांची आई, रसायनशास्त्र

वरच्या दादांचं घड्याळ बरोबर, पण बायकांसाठी त्यात थोडी जागा आहे आणि ती कुणी आपणहून सांगत नाही. महिलांना कमाल मुदतीवर आणखी दोन वर्षं मिळतात. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत रजा मिळते. हे मला ऑफिसातून कळलं नाही, नियमावली स्वतः छापून वाचली तेव्हा कळलं. क्लार्क म्हणाले, "असं काही नसतं." मी पान उघडून समोर धरलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग म्हणाले, "अर्ज द्या."

मी नोंदणी केली तेव्हा मोठा अडीच वर्षांचा होता आणि दुसऱ्याचा विचारही नव्हता. सगळे म्हणत होते, मूल शाळेत जाऊ दे. पण मला हव्या त्या विषयातल्या मॅडमकडे एकच जागा रिकामी होती. प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार विद्यार्थी घेता येतात. यादी भरली की दोन-तीन वर्षं दार बंद. म्हणून घेतली. मग धाकटा झाला. दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे प्रगती दाखवावी लागते, तेव्हा जाऊबाई बाळाला घेऊन विभागाच्या बाहेर बाकावर बसायच्या. एकदा स्लाइड चालू असताना त्याचं रडणं आत ऐकू आलं आणि बाहेरून आलेले परीक्षक सर म्हणाले, "जा, पाजून या, आम्ही चहा घेतो." सगळेच असे भेटत नाहीत, हेही लिहून ठेवते.

थीसिस जमा झालाय. थांबले असते तर जागा गेली असती. दम किती लागला ते मात्र विचारू नका. दोन्ही खरं.

पिंपळगाव बसवंत, द्राक्ष बागायतदार, एम.एस्सी. ॲग्री

आमच्याकडे कधी सुरू करायचं हे बाग ठरवते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, जानेवारीपासून काढणी. गोडी छाटणीनंतर पाऊस आला की डावणीच्या (बुरशीच्या रोगाच्या) फवारण्या, मग रात्र-दिवस कळत नाही. मी प्रवेशाआधी गाइडना एकच विचारलं, सहामाही सादरीकरणं कोणत्या महिन्यांत असतात? ते म्हणाले, साधारण जून आणि डिसेंबर. जून चालतो. डिसेंबरात मण्यांची फुगवण, अवघड पण निभतं. फेब्रुवारी-मार्च असता तर त्या वर्षी नाव घातलंच नसतं.

डेटा माझ्याच बागेचा आणि शेजारच्या दोन बागांचा आहे. त्यामुळे गाव सोडून जायची सोय नाही. तुमचं बदलीचं वाचलं म्हणून सांगतो ताई, विषय असा घेऊ नका जो जागेला खिळलेला असेल.

गंगापूर रोड, कॉर्पोरेट ट्रेनिंग

अगदी तुमच्यासारखीच केस, म्हणून सविस्तर लिहिते. मी ब्रिटनच्या विद्यापीठाची अर्धवेळ व्यावसायिक डॉक्टरेट केली, पूर्ण ऑनलाइन. मधल्या काळात आम्ही नाशिकहून मस्कतला गेलो आणि परतही आलो.

आधी स्पष्ट सांगते, इथल्या कॉलेजात नोकरी हवी असेल तर हा मार्ग नाही. मला नको होती. माझे क्लायंट वेगळे, त्यांना यूजीसीशी देणंघेणं नाही.

मी घरातली सगळी अनिश्चितता डोळ्यांसमोर ठेवूनच प्रवेश घेतला, पण घेण्याआधी विद्यापीठाला तीन ईमेल केले. शिक्षण मधेच थांबवता येतं का, किती काळ, आणि त्या काळात फी चालू राहते का? माझ्या विद्यापीठात थांबवता येत होतं, फी थांबत होती, मात्र लायब्ररीचं लॉगिनही बंद व्हायचं. हे बारीक अक्षरात असतं. मस्कतला जाताना मी एक टर्म थांबवलं, आणि जाण्याआधी लागतील ते सगळे लेख उतरवून घेतले.

सेमिनार त्यांच्या संध्याकाळी सहाला. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे साडेदहा, आणि ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं मागे गेली की साडेअकरा. घरचे झोपलेले, मी स्वयंपाकघरात हेडफोन लावून. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. फी पौंडात, वर्षाला दोन हप्ते, आणि पहिल्या हप्त्यापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत रुपया घसरतच गेला. हिशेब करताना आजचा दर धरू नका.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एथिक्स अप्रूव्हलने, म्हणजे माणसांवर संशोधन करण्याआधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी. माझ्या मुलाखती नाशिकच्या कारखान्यांतल्या सुपरवायझरांच्या होत्या. संमतिपत्र मराठीत, त्याचं इंग्रजी, मग समितीचे प्रश्न, मग पुन्हा. मंजुरी आली आणि महिन्याभरात मस्कतचं ठरलं. द्राक्षवाले दादा म्हणतात तेच. मी उरलेल्या मुलाखती व्हिडिओ कॉलवर घेतल्या, पण कारखान्यात समोर बसून माणूस जे बोलतो ते कॉलवर बोलत नाही. तुमचा डेटा नाशिकच्या शाळांचा असेल तर तेवढा भाग बदलीच्या आधी उरका, किंवा असा प्रश्न घ्या जो जर्मनीतूनही विचारता येईल.

महापालिका, आरोग्य विभाग

मी सुरू केलेलं नाही आणि 2027 पर्यंत करणारही नाही. सिंहस्थ आहे. ऑगस्ट-सप्टेंबरची अमृतस्नानं उरकेपर्यंत आमच्या खात्यात रजा हा विषय काढायचा नाही. पण थांबण्यालाही हिशेब लागतो. 2024 च्या जूनपासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेश मिळतो, पण जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) नसेल तर प्रवेशासाठी ते गुण एकच वर्ष चालतात. आत्ता परीक्षा देऊन ठेवली तर वाया जाईल. म्हणून उलटं मोजत गेले आणि कुंभानंतरच्या पहिल्या नेटवर येऊन थांबले. तोवर वाचन.

कॉलेज रोड, निवृत्त बँक कर्मचारी

साठीनंतर सुरू केली, झाली. माझं वय कुणी विचारलं नाही, पण गाइडचं मी विचारलं. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. पहिले दोघे त्यातच बाद झाले. तिसरे माझ्या मुलापेक्षा लहान, मला "काका" म्हणायचे आणि लाल पेनाने पानंच्या पानं खोडायचे. वाचन बरंचसं सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात. 1840 चं वाचनालय, आमच्या विषयाचे जुने अहवाल तिथे मिळाले, ऑनलाइन कुठेच नव्हते. मुलगी दहावीला असेल तेव्हा प्रकरणं लिहायला घेऊ नका. कोर्सवर्क चालेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं. सासूबाईंनीही ऐकलं आणि जाऊबाई बाकावर बसायच्या त्यावर "मी बसेन की, ऑपरेशन झाल्यावर" म्हणाल्या.

इकडची पीएच.डी. मला कॉलेजात शिकवायचं असतं तर घेतली असती, तसं नाही, त्यामुळे तो विषय संपला. ब्रिटनचा जानेवारीचा प्रवेश सोडतेय आणि पुढच्या ऑक्टोबरचा बघतेय. तोपर्यंत पुणे की जर्मनी हे कळेल असं नाही, त्यावर आता अडून बसणार नाही. विषय मात्र बदलला. आधी नाशिकच्या जिल्हा परिषद शाळांवर करणार होते, आता घरून काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणावर, कारण ती माणसं मला कुठूनही भेटतील. विद्यापीठाला फी आणि लॉगिनबद्दलचे ईमेल आज सकाळी गेले.

गंगापूर रोडच्या ताई, मराठी संमतिपत्राचा नमुना मिळेल का? नावं काढून चालेल. आणि सिडकोच्या दादांनी ना हरकत पत्राचा मसुदा इथेच टाकला तर इतरांनाही होईल.

सिडको, अंबडला नोकरी, मेकॅनिकल

टाकतो. उद्या सेकंड शिफ्ट आहे, सकाळी टाइप करून देतो.