ग्रीस रॉडला नको, आट्यांना
भाऊ, तुम्ही वर विचारलंय की बोअर मारताना रॉड घासून जड जातो, तर बाहेरून ग्रीस चोपडलं तर चालेल का. नाही चालणार. हवेचा झोत आणि दगडाचा चुरा ते दोन मिनिटांत पुसून काढतो. ग्रीस लागतं जोडाच्या आट्यांना.

आपल्या सिन्नरकडे काळा पाषाण कितीही कठीण असो, तो एवढा त्रास देत नाही. खरा त्रास दोन थरांमधल्या लाल गेरूचा. ओला चुरा हॅमरच्या, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाला दगड फोडणाऱ्या हातोड्याच्या, वर लिंपला जातो, त्याचं कडं धरतं आणि साडेसहा इंची भोकात रॉडभोवतीची जागाच संपते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या मळ्यात हेच झालं. तोंडाशी उडणारा चुरा थांबला, तरी ऑपरेटर आपला दाबतोच आहे! शेवटी पाण्याबरोबर फोम (साबणासारखा फेस) सोडला, रॉड फिरवत खालीवर केला, तेव्हा तांबड्या चिखलाचे लिंबाएवढे गोळे बाहेर पडले.

'फिरवत' हे महत्त्वाचं. रॉड फिरत असला की घर्षणाचा बराचसा जोर फिरण्याच्या विरुद्ध दिशेला लागतो, त्यामुळे वर ओढणं हलकं होतं. तेलविहिरींतही हेच, तिथे शिवाय ड्रिलिंगच्या चिखलातच वंगण मिसळतात. फक्त उलटा फिरवू नका. आटे सुटले की हॅमर खालीच राहिला समजा.

आणि पहिला रॉड लावायच्या आधी मास्ट, म्हणजे मशीनचा रॉड धरणारा उभा खांब, ओळंब्यात आहे का ते स्वतः बघा. वाकड्या भोकात रॉड प्रत्येक बाकाला टेकतो, तिथे फोमही फारसा कामाला येत नाही.