ग्रोमेट बसवल्यानंतर मुलाचा कान वाहतो आहे

प्रश्न
माझ्या चार वर्षांच्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचून त्याला कमी ऐकू येत होते, म्हणून पाच आठवड्यांपूर्वी दोन्ही कानांत ग्रोमेट (पडद्यात बसवायची छोटी नळी) बसवले. तो स्वतःहून टीव्हीचा आवाज कमी करू लागला, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. परवा त्याला सर्दी झाली आणि आज सकाळी उशीच्या अभ्र्यावर पिवळा, चिकट डाग दिसला. ताप नाही, कान दुखतही नाही. शस्त्रक्रिया फसली का? सासूबाई कोमट खोबरेल तेल घालू या म्हणतात.

उत्तर 1 (एक पालक)
तेल मुळीच घालू नका; पडद्याला नळी असल्यामुळे ते थेट मधल्या कानात उतरू शकते. आमच्या मुलीचा कान असा दोनदा वाहिला आणि दोन्ही वेळा डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनीच थांबला. बाटली थोडा वेळ मुठीत धरून कोमट करावी, मुलाला कुशीवर झोपवून बाहेर आलेला स्राव टिपून घ्यावा, आणि थेंब टाकल्यावर कानाच्या छिद्रापुढचा छोटा उंचवटा चार-पाच वेळा हलकेच दाबावा, म्हणजे औषध नळीतून आत पोहोचते.

उत्तर 2 (कान-नाक-घसा तज्ज्ञ)
शस्त्रक्रिया फसलेली नाही. ग्रोमेटनंतर सर्वाधिक आढळणारी तक्रार हीच आहे. सर्दीचा संसर्ग नाकामागच्या नळीतून मधल्या कानात जातो आणि तिथला पू ग्रोमेटवाटे बाहेर पडतो. आत दाब साचत नाही, म्हणूनच मुलाला सहसा दुखत नाही. ताप नसेल तर बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनचे थेंब पुरतात, पोटातून प्रतिजैविक देण्याची गरज पडत नाही. मात्र घरात उरलेली जेंटामायसिनच्या थेंबांची बाटली वापरू नका, कारण ग्रोमेटमधून ते औषध आत जाऊन आतल्या कानाला इजा करू शकते. आठवड्याभरात स्राव थांबला नाही, त्यात रक्त दिसले, ताप आला किंवा कानामागे सूज आली, तर लगेच दाखवा. ग्रोमेटभोवती मांस वाढलेले असू शकते किंवा ते तुंबलेले असू शकते.

ग्रोमेट साधारण 6 ते 18 महिन्यांत आपोआप गळून पडते. शंभरात साधारण दोन मुलांच्या पडद्याला त्यानंतरही छिद्र राहते, त्यामुळे कान कोरडा आहे म्हणून पुढच्या तपासण्या चुकवू नका.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. दुपारीच डॉक्टरांना दाखवून आलो, त्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिनचेच थेंब दिले आहेत. तेलाची वाटी सासूबाईंनी स्वतःच उचलून ठेवली.